परत न केलेली कॅसेट

(१९८८च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘शाळेने मला काय दिले’. मी त्यांना म्हटलं, त्यावर सगळेच बोलतील आणि छान बोलतील. मी शाळेतलं काय परत केलं नाही, त्यावर बोलतो. त्यांना वाटलं, वाचनालयाचं एखादं पुस्तक असेल. तेही एक आहे माझ्याकडे, पण ते मी शिपाईमामांना गुपचूप देईन. आजचा मामला एका कॅसेटचा आहे.

२०१६ साली मी अमेरिकेत एक गाण्याचा कार्यक्रम पाहिला. तुम्हाला सांगायचा आहे तो तोच. पण त्याची सुरुवात इथे नगरला, आपल्या दहावी ‘ब’च्या वर्गात झाली, म्हणून आधी तिकडे जावं लागेल.

तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारा मुलगा तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. त्याचं नाव मी घेत नाही. तो इथे बसला आहे, आणि त्याची परवानगी मी घेतलेली नाही. नुसतं बाकमित्र म्हणतो. त्याचे वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. रविवारी सकाळी त्यांच्या घरावरून गेलं की रेव्हरंड टिळकांची भजनं ऐकू यायची. त्याचा मामा जहाजावर नोकरीला होता. १९८७च्या नाताळात मामा घरी आला आणि भाच्यासाठी एक कॅसेट घेऊन आला. आम्ही फराळाला गेलो तेव्हा करंजीच्या ताटाशेजारीच ती ठेवलेली होती. बँडचं नाव स्ट्रायपर. कॅसेटचं नाव ‘टू हेल विथ द डेव्हिल’. वेष्टनावर लांब केसांचे चार देवदूत सैतानाला खाली लोटताहेत असं चित्र. पुढे तिकडेही ते चित्र काढून साधं काळं वेष्टन करण्यात आलं, मग आपल्या नगरात काय झालं असेल ते बघा.

वडिलांनी नाव वाचलं आणि कॅसेट खिशात घातली. तीन दिवसांनी सुट्टी संपली, तसे ते थेट शाळेत आले. बाई, तुम्ही आज पहिल्या रांगेत आहात. तुम्हाला आठवत असेल-नसेल, मला लख्ख आठवतंय. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात ते उभे. म्हणाले, “बाई, यावर ‘सैतानाबरोबर नरकात’ असं लिहिलंय. पोरगं हातचं गेलं.” तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ती कॅसेट डोळ्यांजवळ नेलीत आणि म्हणालात, “अहो, ‘विथ’ म्हणजे दर वेळी ‘बरोबर’ नव्हे. याचा अर्थ, सैतान गेला मसणात!”

दाराबाहेर कान लावून उभे असलेले आम्ही पाच-सहा जण तिथेच फुटलो. त्या वर्षी शब्दयोगी अव्ययांचे माझे सगळे मार्क गेले, पण ‘विथ’ मात्र जन्मभर चुकलं नाही.

वडिलांनी क्षणभर विचार केला आणि कॅसेट मुलाच्या हातात दिली. म्हणाले, “मग वाजव. पण आवाज कमी ठेव.” पुढे एकदा ते आम्हाला म्हणाले होते, “टिळकांनी अभंगात म्हटलं, हे लोक गिटारीवर म्हणतात. देव तोच आहे, फक्त कान किटतात.” आपल्या आवडीचं नसलेलं काहीतरी मुलाला ऐकू देणं म्हणजे काय, हे मला स्वतःला मुलगा झाल्यावर कळलं.

वडिलांनी सोडलं, पण आम्ही सोडलं नाही. आमच्यातल्या एकाचा भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता, त्यामुळे रॉक म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. त्याने निकाल दिला, “हे खरं रॉक नाही. देवाचं नाव घेतात ते. हे भजन आहे, जोरात केलेलं.” झालं. दहावी संपेपर्यंत माझ्या बाकमित्राचं नाव ‘भजनी मंडळ’ पडलं. मीही त्याला त्याच नावाने हाक मारायचो. आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन तीच कॅसेट ऐकायचो. मला ती आवडायची. दोन गिटारी एकमेकींना धरून वर चढत जायच्या, आणि त्यावर गाणाऱ्याचा आवाज असा जायचा की शेजारची कोंबडी फडफडायची. पण ‘मला आवडते’ हे मी वर्गात कधी बोललो नाही.

परीक्षा झाली. सुट्टीत मी ती कॅसेट आठ दिवसांसाठी मागून आणली. त्याच सुमारास ‘कयामत से कयामत तक’ आला होता, आणि सगळं नगर तीच गाणी ऐकत होतं. शेजारच्यांनी एका रात्रीपुरती ती कॅसेट आणि दोन खणांचा टेपरेकॉर्डर दिला. कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते, आणि दुकानंही बंद झाली होती. विकतच्या कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून वरच्या कडेला दोन खाचा असतात, हे तुम्हाला आठवत असेल. त्यावर चिकटपट्टी लावली की ती कॅसेट पुन्हा भरता येते, हेही आपल्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. मी चिकटपट्टी लावली. म्हटलं, तीन गाणी भरतो, एवढ्याने काय होतंय.

काय झालं, ते बटण दाबल्यावर कळलं. पहिल्या बाजूची पहिली पंधरा मिनिटं कायमची गेली. हिंदी गाणं संपायचं, खट्ट असा आवाज यायचा, आणि मग ‘ऑनेस्टली’ नावाचं त्यांचं संथ गाणं मध्यापासून सुरू व्हायचं. ‘ऑनेस्टली’, म्हणजे ‘खरं सांगायचं तर’. योगायोग माझा नाही, कॅसेटचा आहे.

निकालाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात, याच झाडाखाली, त्याने सगळ्यांसमोर विचारलं, “माझी कॅसेट?” आणि मी म्हणालो, “कुठली कॅसेट? तू दिलीच नव्हतीस मला.” कुणीतरी मागून बोललं, “भजनाची कॅसेट कोण नेणार रे?” सगळे हसले. मीही हसलो. तो काही बोलला नाही. माझ्याकडे बघत राहिला, आणि मग निकालपत्र घडी करून खिशात ठेवून निघून गेला. मी पॉलिटेक्निकला गेलो, तो दुसऱ्या गावी गेला. भेट झाली नाही. दोन-तीन वर्षांनी कुणाकडून तरी कळलं की मामाने दिलेली कॅसेट विकून टाकली असं समजून वडिलांनी त्यालाच बोल लावला होता. ज्या वडिलांनी शाळेपर्यंत येऊन अर्थ विचारून ती त्याच्या हातात परत दिली होती, त्यांनी. ते आता नाहीत. त्यामुळे जे सांगायचं ते अर्धंच सांगता येणार आहे.

आता अमेरिका. २०१६ साली कंपनीच्या कामासाठी मी वर्षभर तिकडे होतो. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत भिंतीवर एक जाहिरात दिसली, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. स्ट्रायपर. त्या कॅसेटला तीस वर्षं झाली म्हणून दौरा काढला होता, आणि त्यात अख्खी कॅसेट पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ओळीने वाजवणार होते. मी जाहिरातीसमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, “तुम्ही यांचे चाहते का?” मी म्हणालो, “नाही, देणेकरी.”

त्या रात्रीआधी मी या मंडळींचा इतिहास वाचून काढला. जे तेव्हा ऐकताना माहीत नव्हतं ते समजलं. हे कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतले. मायकेल स्वीट गाणारा, त्याचा भाऊ रॉबर्ट ड्रमवर, गिटारीवर ऑझ फॉक्स, बेसवर टिम गेन्स. आधी बँडचं नाव वेगळं होतं. १९८३च्या सुमारास त्यांनी ठरवलं की आता उघडपणे आपल्या श्रद्धेचीच गाणी म्हणायची, आणि नाव बदललं. या नावाचा संबंध ते बायबलमधल्या यशयाच्या ५३व्या अध्यायाशी जोडतात. तिथे फटक्यांच्या वळांचा उल्लेख आहे. इंग्रजीत वळ आणि पट्टा यांना एकच शब्द आहे, म्हणून कपड्यांवर, गिटारींवर, ड्रमवर सगळीकडे काळे-पिवळे पट्टे. वळ म्हणजे काय हे आपल्या तुकडीला समजावून सांगायची गरज नाही. सर समोरच बसले आहेत.

आणि दुसरं कळलं ते हे, की त्यांचीही दोन्हीकडून चेष्टा झाली. रॉकवाले म्हणायचे, हे देवभोळे. चर्चवाले म्हणायचे, हे केस, हा मेकअप, हा गोंगाट, हा सैतानाचाच कारभार. कार्यक्रमाच्या दाराबाहेर लोक निषेधाचे फलक घेऊन उभे राहायचे. दूरचित्रवाणीवरचे त्या काळचे मोठे प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. गंमत अशी की स्वीट कुटुंब देवाकडे वळलं ते लहानपणी याच गृहस्थांचे कार्यक्रम पाहून! म्हणजे ज्याने रस्ता दाखवला, त्यानेच दार लावलं. तरी त्या कॅसेटच्या एकट्या अमेरिकेत दहा लाखांवर प्रती गेल्या, आणि ‘ऑनेस्टली’ तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पंचविसांत पोचलं. हे १९८८च्या सुरुवातीला. म्हणजे आपण इकडे ‘भजनी मंडळ’ म्हणून हसत होतो, बरोबर तेव्हा.

पुढे १९९०ला तेही थकले. पट्टे उतरवले, गाण्यांतून देवाचं नाव जवळजवळ गेलं. १९९२ला मायकेल बाहेर पडला आणि थोड्याच दिवसांत सगळं मोडलं. अकरा वर्षं गेली. २००३ साली पुन्हा एकत्र आले. २००९मध्ये मायकेलची बायको कर्करोगाने गेली. तरी वाजवत राहिले. हे सगळं वाचून मी तिकीट काढलं. एकच.

थिएटर जुनं होतं, खुर्च्या काढून टाकलेल्या, सगळे उभे. माझ्या आजूबाजूला पांढऱ्या दाढ्या, टकलं, गुडघ्याला पट्टा बांधलेली एक बाई, आणि आईबापांनी ओढून आणलेली दोन-चार पोरं. दिवे गेले. आधी नुसता बाजाचा गंभीर आवाज, जशी त्या कॅसेटची सुरुवात होती तशी. मग एकदम सगळे दिवे, आणि समोर चौघे जण. डोक्यापासून पायापर्यंत काळे-पिवळे पट्टे.

मंडळी, खरं सांगतो, पहिल्यांदा मला हसू आलं. सगळे पन्नाशी ओलांडलेले. पट्ट्यांच्या कपड्यांत माणूस विशीत शोभतो. पन्नाशीत बाजारातल्या रिक्षासारखा दिसतो. पण दुसऱ्या गाण्यापर्यंत ते हसू गेलं. कारण त्यांच्यापैकी एकालाही त्याची लाज वाटत नव्हती. रॉबर्ट ड्रम आडवे लावून बसतो, प्रेक्षकांकडे कूस करून, त्यामुळे त्याचे हातपाय सगळे दिसतात. तो असा वाजवत होता जणू उद्या वाजवायचं नाहीच. दोन्ही गिटारी एकमेकींना धरून वर चढल्या, तशाच. आणि मायकेलचा आवाज गेला, तसाच वर. एक-दोन ठिकाणी घासला, पण गेला. नगरची कोंबडी आठवली.

पहिलं गाणं, दुसरं, तिसरं, चौथं. ही सगळी मी पुसलेली. अठ्ठावीस वर्षांत ऐकलीच नव्हती. इंटरनेटवर सहज मिळाली असती, पण मी कधी शोधली नाहीत. शोधली असती तर मग बाकीचंही आठवलं असतं. एकेक गाणं येत होतं आणि मला त्या घरातली पेटी, करंज्यांचं ताट, कमी ठेवलेला आवाज, सगळं दिसत होतं.

मग ‘ऑनेस्टली’ सुरू झालं. सुरुवातीपासून. माझ्या कानात ते गाणं नेहमी मध्यापासूनच सुरू होत होतं, त्याआधी हिंदी गाणं आणि तो खट्ट आवाज. मी नकळत त्या खट्टची वाट पाहत होतो. जिथे माझं गाणं संपून त्यांचं सुरू व्हायचं, ती जागा आली आणि गेली. खट्ट झालं नाही. गाणं अखंड पुढे गेलं. आजूबाजूची सगळी टकलं आणि पांढऱ्या दाढ्या त्यांच्याबरोबर गात होत्या, आणि मी एकटा मराठी माणूस तिथे मध्येच उभा राहून रडत होतो. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल पुढे केला. तिला वाटलं असेल, याला देवाचा साक्षात्कार झाला. मी काही तिला सांगितलं नाही. मला साक्षात्कार वगैरे झाला नाही. निकालाच्या दिवशी माझ्याकडे बघत उभा राहिलेला एक सोळा वर्षांचा मुलगा दिसला, एवढंच.

शेवटी शेवटी ते प्रेक्षकांत नव्या कराराच्या प्रती फेकतात. पहिल्यापासूनची पद्धत आहे. एक प्रत माझ्या डोक्यावरून गेली आणि मागच्या माणसाने झेलली. हळहळ वाटली, कारण मनात आलं होतं, ती मिळाली असती तर बाकमित्राला दिली असती. मग वाटलं, बरं झालं. फुकट हाती आलेल्या वस्तूने कर्ज फिटत नाही. बाहेर टेबलावर टी-शर्ट विकायला होते. मी एक घेतला, त्याच्यासाठी. मापाची पंचाईत झाली. शाळेत तो काडीसारखा होता. आता कसा असेल? माझ्याकडे बघून अंदाज केला आणि दोन मापं वरचा घेतला.

हे सगळं मोठं छान वाटतंय ना ऐकायला? पण पुढचं ऐका. तो टी-शर्ट नऊ वर्षं माझ्या कपाटात पडून होता. मी परत आलो, त्याचा पत्ता शोधला नाही. २०१८ साली बातमी वाचली की ऑझ फॉक्स वाजवता वाजवता मंचावरच झटका येऊन कोसळला आणि डोक्यात गाठी निघाल्या. तेव्हा एकदा वाटलं, आता तरी फोन करावा. केला नाही. तो माणूस उपचार घेऊन पुन्हा गिटार घेऊन उभा राहिला, आणि माझ्याच्याने एक फोन झाला नाही. गेल्या वर्षी आपला व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, त्यात त्याचा नंबर दिसला. मी रोज त्याचा फोटो बघायचो आणि रोज सगळ्यांना सुप्रभात पाठवायचो. त्याला वेगळं काही लिहिलं नाही. मेळाव्याला कोण कोण येणार असं विचारलं, तेव्हा त्याने एकच शब्द टाकला, “येतो.” तो वाचून मी संयोजकांना फोन केला आणि म्हटलं, मला दहा मिनिटं बोलायला द्या.

त्या रात्री मंचावर ते चौघे जेवढ्या वयाचे होते, तेवढे आपण आज झालो आहोत. त्यांनी काय मोठं केलं, हे मला तेव्हापासून सारखं आठवतं. एकदा उतरवलेले पट्टे त्यांनी पन्नाशीनंतर पुन्हा चढवले. लोक हसतील हे माहीत असून. विशीत धाडस करायला फारसं काही लागत नाही. एकदा मागे हटल्यावर पुन्हा त्याच जागी येऊन उभं राहायला लागतं.

तर मित्रा, तुझ्यासाठी, आणि त्या दिवशी झाडाखाली हसलेल्या सगळ्यांसाठी सांगतो. कॅसेट तू मला दिली होतीस. मी ती पुसली. मी खोटं बोललो. तू खरं बोलत होतास. तुझ्या वडिलांना हे मी सांगायला हवं होतं, ते राहिलं, आणि त्याला आता इलाज नाही. आणखी एक, ते खरंच रॉक होतं. मला तेव्हाही माहीत होतं.

कॅसेट माझ्याकडे अजून आहे, चिकटपट्टीसकट. आज पिशवीत आणली आहे, टी-शर्टही आणला आहे. तुला पाहिल्यावर कळलं की माप चुकलंय, तू अजून काडीच आहेस. घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाही घेतलंस तरी माझी तक्रार नाही. मी जेवणाच्या मांडवात वाढप्यांच्या टेबलाजवळ उभा आहे.

बाई, तुमचं ‘विथ’ अजून पाठ आहे.